महाजालाला लागलेली वाळवी

श्रावणात मालवणला पाऊस कसा येतो, हे मालवणकराला सांगायला नको. समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसत असतो आणि बघता बघता कुणीतरी फळा पुसावा तसा तो पुसला जातो. गेल्या श्रावणातल्या अशाच एका दुपारी वीज गेलेली होती आणि मी धुरीवाड्यातल्या घराच्या पडवीत बसून होतो. एक तरुण मोटारसायकलवरून आला. निथळणारा रेनकोट त्याने खळ्यातच काढून ठेवला आणि पायरीवर उभा राहून म्हणाला, "साहेबानू, माका तुम्ही वळकूचास नाय. पण माझ्या आजोबांका वळाकतास."

आजोबा म्हणजे दशावतारातले एक जुने नट. १९९४ साली मी कुडाळ तालुक्यातल्या एका शाखेत व्यवस्थापक होतो, तेव्हा त्यांच्या नाटक मंडळीला टेंपोसाठी कर्ज मंजूर केले होते. तोवर मंडळीचे पेटारे कधी बैलगाडीतून, कधी माणसांच्या डोक्यावरून जात. वरच्या कार्यालयाने विचारले, हप्ता दरमहा का नाही? मी कळवले, की दशावतारी मंडळीचे उत्पन्न जत्रांच्या दिवसांत, कार्तिकापासून पुढे. पावसाळ्यात हे लोक शेतात असतात. हप्ते तसे बांधून दिले आणि कर्ज मुदतीआधी फिटले. माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत अभिमानाने सांगावीत अशी जी पाच-सहा कर्जे असतील, त्यांतले हे एक.

आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली. नातू शिकला, पुण्यात नोकरीला लागला. आता त्याला आजोबांचा आवाज हवा होता. "साहेबानू, आजोबांचो आवाज खय गावात काय?" त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला. ते २००४ सालच्या एका जत्रेचे हँडबिल होते. खाली बारीक अक्षरात एका संकेतस्थळाचा पत्ता छापलेला. मुंबईतल्या चार-पाच हौशी चाकरमान्यांनी तेव्हा दशावताराची माहिती, फोटो आणि ध्वनिमुद्रणे घालून ते उभारले होते. कॅसेटवरून संगणकात उतरवलेले आजोबांचे एक अख्खे आख्यान त्यावर होते. त्यांना जागा देणारी कंपनी फुकट जागा देत असे. पुढे तिने तो व्यवहार बंद केला. चाकरमान्यांपैकी एक परदेशी गेला, एक वारला, बाकीच्यांना नाव आठवते, पासवर्ड आठवत नाही. नातवाने पत्ता टाकून पाहिला तर तिथे आता कसल्याशा औषधाची जाहिरात येते.

तो मला म्हणाला, "इंटरनेटार एकदा चढवला की ता कधी जाता नाय, असा म्हणतत मां?"

हा समज आपल्यापैकी बहुतेकांचा आहे. पोरांना आपण बजावतो, की काहीबाही फोटो टाकू नका, तिथे टाकलेले कायमचे राहते. ते खोटे नाही. नको असलेले बहुधा राहतेच. हवे असलेले मात्र जाते. अमेरिकेतल्या प्यू या संशोधन संस्थेने २०२४ साली केलेली पाहणी प्रसिद्ध आहे. २०१३ साली महाजालावर जी पाने होती, त्यांतली ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. १०० पुस्तकांच्या वाचनालयात दहा वर्षांत ३८ पुस्तके नाहीशी झाली, तर ग्रंथपालाला घरी बसावे लागेल. इथे कुणालाच जाब विचारता येत नाही, कारण ग्रंथपालच नाही.

मी बँकवाला असल्याने या प्रकारात मला आणखी एक गोष्ट खटकते. बँकेतले कागद काही कायम ठेवत नाहीत. १९८५ च्या नियमांप्रमाणे काही नोंदी पाच वर्षे आणि काही आठ वर्षे जपाव्या लागतात. पुढे त्या नष्ट करता येतात. पण कशा? आधी यादी करायची. कुठले रजिस्टर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. यादीवर वरिष्ठांची मंजुरी. मग दोन अधिकाऱ्यांच्या देखत कागद फाडायचे आणि 'आमच्या समक्ष नष्ट केले' म्हणून सह्या करायच्या. ती यादी मात्र जपून ठेवायची. म्हणजे वस्तू गेली तरी ती होती, आणि अमुक दिवशी अमक्यांनी ती नाहीशी केली, एवढे तरी उरते. महाजालावर वस्तू जाते आणि तिच्यामागे असा सहीचा कागदही उरत नाही. पंचवीस वर्षांनी कुणी म्हटले की असे काही नव्हतेच, तर आपण दाखवणार काय? एक हँडबिल?

वीज आली तसा मी संगणक लावला आणि नातवाला एका ठिकाणी घेऊन गेलो. जाणकारांना ते ठाऊक आहे. इतरांसाठी थोडे सांगतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला इंटरनेट अर्काइव्ह नावाची संस्था आहे. अर्काइव्ह म्हणजे दप्तरखाना. ब्रूस्टर केल नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९९६ साली ती सुरू केली. नफा न कमावणारी, देणग्यांवर चालणारी. एका जुन्या चर्चच्या इमारतीत तिचे बिऱ्हाड आहे आणि प्रार्थनेच्या दालनात भिंतीला लागून संगणक लुकलुकत असतात, असे छायाचित्रांत दिसते. संस्थेचे यंत्र जगभरची संकेतस्थळे फिरत राहते आणि दिसलेल्या पानाची त्या दिवसाची प्रत काढून ठेवते. २००१ सालापासून ही दप्तरे सर्वांना फुकट उघडी आहेत. त्या सोयीचे नाव 'वेबॅक मशीन'. पत्ता टाकला की कॅलेंडर येते आणि ज्या तारखांना प्रत काढली त्यांभोवती वर्तुळे दिसतात. आपण एकादशी-चतुर्थीला कालनिर्णयावर करतो तशी. २०२५ च्या ऑक्टोबरात या साठ्याने एक लाख कोटी पानांचा टप्पा गाठला.

हँडबिलावरचा पत्ता टाकला. २००४ ते २००८ या काळात सहा वर्तुळे दिसली. नातू खुर्चीच्या टोकावर आला. पान उघडले आणि तो म्हणाला, "ह्या काय लिवलेला? चिनी भाषा काय?"

चिनी नव्हती, मराठीच होती. त्या काळात मराठी संगणकावर लिहायची म्हणजे प्रत्येकाचा टंक वेगळा. कुणाचा शिवाजी, कुणाचा कृतिदेव, कुणाची श्रीलिपी, कुणाची आकृती. हे टंक इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. तो टंक तुमच्या संगणकावर असेल तर मराठी दिसायची; नसेल तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा नुसता चिवडा. सर्व लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक देणारी युनिकोडची पद्धत रुळल्यावर हा घोळ मिटला, पण तोवर दहाएक वर्षांचे मराठी लेखन चिवड्याच्या स्वरूपात पडून राहिले होते. आपल्या वृत्तपत्रांच्या पहिल्यावहिल्या संकेतस्थळांची गतही फारशी वेगळी नव्हती.

इथे मला बाळशास्त्री जांभेकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. ते आमच्याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, आठेक वर्षे चालवले आणि ऐन तारुण्यात १८४६ साली ते गेले. 'दर्पण'मधले लेखन आज वाचता येते, कारण ते कागदावर होते आणि पुढच्या लोकांनी ते पुन्हा छापले. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जुनी मराठी मी चष्मा लावून वाचू शकतो, आणि माझ्या स्वतःच्या हयातीतली, १९९९ सालची मराठी वाचायला मला किल्ली शोधावी लागते.

किल्ली निघाली. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये उलटवणारी साधने हौशी मंडळींनी करून ठेवली आहेत. त्यात तो चिवडा ओतला आणि खालून मराठी बाहेर आली. एखादी वेलांटी घसरलेली, जोडाक्षरे मोडलेली, पण मराठी. आजोबांवर दीड पानाचा मजकूर होता. कुठल्या वर्षी कुठल्या मंडळीत होते, कोणत्या भूमिका गाजल्या, आवाज किती पट्टीत लागायचा. नातवाने तो तीनदा वाचला. मग खाली 'आख्यान ऐका' असे लिहिले होते तिथे त्याने बोट ठेवले. काहीच आले नाही. यंत्राने पान उचलले होते, ध्वनिमुद्रण उचलले नव्हते. असे पुष्कळदा होते. त्या वेळी आवाजाच्या फायली जड असत, दुसरीकडे ठेवलेल्या असत, आणि प्रत काढणारे यंत्र तिथवर पोचतेच असे नाही. हॉटेलातले मेनूकार्ड मिळावे आणि स्वयंपाकघर बंद असावे, तशी स्थिती.

दशावताराच्या बाबतीत हे नुकसान साधे नाही. आमच्या या नाटकाला लिखित संहिता नसते. जत्रेच्या रात्री कुठले आख्यान लावायचे ते ठरते, कथानक सर्वांना ठाऊक असते आणि संवाद नट रंगमंचावर उभा राहून जागच्या जागी रचतो. काल रात्रीचा अर्जुन आज रात्री वेगळे बोलतो. तेव्हा इथे ध्वनिमुद्रण म्हणजे नाटकाची प्रत नव्हे, तेच नाटक. छापील नाटककाराचे पुस्तक कुठल्यातरी वाचनालयात सापडते. या नटांचे सगळे वाङ्मय हवेत होते आणि त्यातले थोडेसे कॅसेटच्या फितीवर उतरले होते.

आता थोडे माझ्याविषयी, कारण या दप्तरखान्याशी माझे नाते जरा अवघड आहे. माझी पहिली कादंबरी १९८९ साली आली. दुसरी आवृत्ती निघाली नाही. प्रकाशक वारले, प्रकाशन बंद पडले. माझ्याकडच्या चार प्रती कपाटात होत्या. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आमच्या किनाऱ्यावर जे केले ते वाचकांना आठवत असेल. आमच्या घराचे नळे उडाले आणि कपाटावर रात्रभर पाऊस पडला. चारही प्रतींचा लगदा झाला. पुढे एकदा सहज या दप्तरखान्यात शोध घेतला आणि कादंबरी समोर आली! मुखपृष्ठासकट. आत कुठल्याशा वाचनालयाचा गोल शिक्का, एका पानावर कुण्या वाचकाने पेन्सिलीने लिहिलेले 'अतिशयोक्ती', आणि पान ११२ वर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा.

पहिल्या मिनिटाला माझ्यातला बँकवाला जागा झाला. परवानगी कुणी दिली? हक्क माझा आहे, आणि आपल्या कायद्याप्रमाणे माझ्या मृत्यूनंतरही साठ वर्षे माझ्या वारसांचा राहील. दुसऱ्या मिनिटाला मी ती उतरवून घेतली. चोरीचा माल घेणारे लोक नोकरीत पाहिले होते. स्वतःचाच माल चोराकडून फुकट घेणारा मीच पहिला.

ती तिथे गेली कशी, तेही सांगण्यासारखे आहे. या शतकाच्या आरंभी भारतात डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया नावाचा मोठा उपक्रम सुरू झाला. दहा लाख पुस्तके संगणकावर आणायची, ही मूळ कल्पना अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्राध्यापक राज रेड्डी यांची. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, हैदराबादची ट्रिपल आयटी, सीडॅक अशा संस्था त्यात होत्या. देशभरच्या ग्रंथालयांतून लाखो पुस्तके स्कॅन झाली. त्यांत मराठी हजारोंनी होती, आणि घाईत काही हक्क जिवंत असलेलीही गेली. मराठी नावे रोमन लिपीत नोंदली होती, तीही कुणी कशी, कुणी कशी. त्यामुळे 'ज्ञानेश्वरी' शोधायची तर इंग्रजीत ती किती प्रकारांनी चुकीची लिहिता येईल याचा अंदाज बांधावा लागे. तरी हे सर्व फुकट आणि खुले होते. मग २०१६-१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. सरकारी पैशाने, सरकारी ग्रंथालयांतून, आपल्याच लोकांनी स्कॅन केलेली पुस्तके दिसेनाशी झाली. वाचली ती एवढ्यामुळे, की कार्ल मालामूद नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने त्याआधीच त्यांतली लाखो पुस्तके उतरवून सॅन फ्रान्सिस्कोच्या दप्तरखान्यात नेऊन ठेवली होती.

बँकेत तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा जोड कधी त्याच शाखेत ठेवत नाहीत. तो दुसऱ्या शाखेत मोहोरबंद पाकिटात असतो. आग लागली, पूर आला, तरी एक जोड शाबूत. मराठी पुस्तकांच्या बाबतीत हा दुसरा जोड आपण ठेवला नाही. एका परक्या माणसाने स्वतःच्या हौसेने ठेवला. आणि आता पहिला जोड हरवल्यामुळे दुसराच एकमेव होऊन बसला आहे.

त्या दुसऱ्या जोडाची प्रकृतीही काही ठीक नाही. करोनाच्या टाळेबंदीत, मार्च २०२० मध्ये, संस्थेने आपल्याकडची स्कॅन केलेली पुस्तके एका वेळी कितीही वाचकांना उसनी द्यायला सुरुवात केली. एरवी एका प्रतीमागे एकच वाचक असा तिचा दंडक होता. त्यावर हॅशेट, हार्परकॉलिन्स, पेंग्विन रँडम हाऊस आणि वायली या चार बड्या प्रकाशकांनी जूनमध्ये दावा लावला. मार्च २०२३ मध्ये निकाल संस्थेच्या विरुद्ध गेला, सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. पाच लाखांवर पुस्तके वाचकांपुढून काढावी लागली. प्रकाशकांचे सगळेच चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याचे पुस्तक आज दुकानात आहे त्या लेखकाची मिळकत त्यावर आहे आणि मराठीत तर ती मिळकत म्हणजे वर्षाकाठी येणारे एक लाजरे मनिऑर्डरवजा पाकीट. तेही कुणी हिरावू नये. पण ज्या पुस्तकाचा प्रकाशक नाही, प्रत नाही, विचारायचे कुणाला तेही ठाऊक नाही, त्याला हक्काच्या नावाखाली कुलपात ठेवून काय साधते? माझ्या कादंबरीचा हक्क माझ्याकडे होता आणि कादंबरी माझ्याकडे नव्हती, ही वस्तुस्थिती आहे.

दाव्याचा धुरळा बसतो न बसतो तोच ऑक्टोबर २०२४ मध्ये संस्थेवर संगणकी हल्ला झाला. तीन कोटींहून अधिक खातेदारांची माहिती चोरीला गेली आणि काही दिवस सगळे दप्तर बंद राहिले. आपल्या देशातही एकदा ते बंद पडले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी चित्रपटांची चोरटी प्रत पसरू नये म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने अडीच हजारांवर संकेतस्थळे रोखण्याचा आदेश दिला होता, त्या यादीत हा दप्तरखानाही होता. एका सिनेमाच्या तिकीटचोरासाठी गावचे वाचनालय सील करावे, तसे ते झाले. अलीकडे आणखी एक अडचण आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या या साठ्यातून आमचा मजकूर उचलतात, म्हणून काही मोठी परदेशी प्रकाशने दप्तरखान्याच्या यंत्रालाच दार लावू लागली आहेत. त्यांची भीती समजते. पण ती पाने उद्या मूळ जागी बदलली किंवा काढली, तर आधी काय लिहिले होते हे कोण सांगणार?

हा प्रश्न केवळ हळव्या आठवणींचा नाही. आज शासनाचे निर्णय, योजनांच्या अटी, निविदा, मच्छीमारांना द्यायच्या नुकसानभरपाईचे दर, सगळे आधी संकेतस्थळावर येते आणि पुष्कळदा तिथेच राहते. कार्यालयाचे संकेतस्थळ नव्या रूपात आले की जुने दुवे तुटतात. वर्ष-दोन वर्षांनी कुणी दांडी किनाऱ्यावरचा रापणकार म्हणाला की तेव्हा अमुक दर जाहीर झाला होता, तर त्याच्या हातात पुरावा काय? बँकांचे घ्या. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया, पुढच्या १ एप्रिलला सिंडिकेट, आंध्र, अलाहाबाद अशा कित्येक सरकारी बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या. त्यांचे कर्जांचे जुने दर, सेवाशुल्काची पत्रके, परिपत्रके त्यांच्या संकेतस्थळांवर होती. ग्राहकाचे भांडण विलीनीकरणानंतरही चालूच असते. त्याला जुना दर हवा असेल तर तो बहुधा त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या चर्चमध्येच सापडेल.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे एशियाटिक, चेन्नईचे कोन्नेमारा आणि दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय इथे पाठवायची असते. १९५६ साली त्यात वृत्तपत्रे आली. संकेतस्थळे त्यात नाहीत. डेन्मार्कने २००५ मध्ये, फ्रान्सने २००६ मध्ये, ब्रिटनने २०१३ मध्ये ती कायद्याने आपापल्या ग्रंथालयांच्या कक्षेत घेतली. आपल्या हक्ककायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने एक खिडकी उघडली आहे. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी त्याला तिची संगणकीय प्रत करता येते. गावोगावच्या शतक ओलांडलेल्या वाचनालयांपैकी किती जणांना ही सवलत ठाऊक आहे? ज्या चार-पाच ग्रंथपालांशी मी बोललो, त्यांना नव्हती. त्यांचा दोष नाही. वाळवीची पावडर आणायला ज्यांना अनुदानाची वाट पाहावी लागते, त्यांना स्कॅनर कोण देणार?

काहीच होत नाही असेही म्हणता येणार नाही. लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून उभारलेला विश्वकोश आज घरबसल्या वाचता येतो. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ संगणकावर आणले आहेत. पण हा सगळा छापील मराठीचा हिशेब झाला. गेल्या तीस वर्षांत जी मराठी कागदाला शिवलीच नाही, जन्मली संगणकावर आणि मेलीही तिथेच, तिची यादी करणारा शंकर गणेश दाते अजून जन्मायचा आहे. दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांची सूची केली, पुढे १९५० पर्यंतची दुसरी. एकेक पुस्तक हुडकून, तपशील टिपून. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आणि गाथा पुराव्याला होत्या म्हणून तो मिळाला. दगडावर लिहिणाऱ्यांचे उपकार झाले.

नातू त्या दिवशी रिकाम्या हाताने गेला, असे मला वाटले. पण दिवाळीनंतर तो पुन्हा आला, या वेळी पिशवी घेऊन. आचऱ्याला त्याच्या आत्याच्या माळ्यावर तीन कॅसेटी सापडल्या होत्या. दोन बऱ्या होत्या, तिसरीच्या फितीवर पांढरी बुरशी. आमच्या बाजारातल्या एका जुन्या रेडिओदुरुस्तीवाल्याने ती फीत कापसाने पुसून दिली आणि वाजवायचे यंत्रही दोन दिवसांसाठी दिले. पैसे घेतले नाहीत. आत कुणाचा आवाज आहे हे कळल्यावर त्याने फक्त एवढेच विचारले, की आपल्यालाही एक प्रत मिळेल का?

दप्तरखान्यात कुणालाही आपल्या वस्तू फुकट ठेवता येतात. आम्ही त्या तिथे ठेवायचे ठरवले. माझ्या सवयीप्रमाणे मी आधी मंडळीच्या मालकांकडे गेलो आणि लेखी परवानगी घेतली. मालक म्हणाले, "साहेबानू, कर्ज घेताना सुद्धा इतक्या सह्या घेवक नाय हुत्यात तुम्ही." एक प्रत सॅन फ्रान्सिस्कोला, एक नातवाच्या पेन ड्राइव्हवर, एक माझ्याकडे आणि एक रेडिओवाल्याकडे. किल्ल्यांचे चार जोड झाले.

कॅसेट लावली. आधी नुसती खरखर. मग कुणीतरी ओरडले, "पेट्रोमॅक्स हय हाड रे!" लोक हसले, मागे कुठेतरी एक तान्हे मूल रडत राहिले, पायपेटीचा सूर लागला आणि आजोबा बोलू लागले. नातू काही बोलला नाही. पंचेचाळीस मिनिटांची बाजू होती, ती संपून खटका वाजेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

मग नोंद करायची वेळ आली. नाव देवनागरीतच लिहायचे, हे मी हट्टाने करून घेतले. मंडळीचे नाव, आख्यानाचे नाव, गाव. वर्षाच्या रकान्याशी अडलो. कॅसेटवर काही लिहिलेले नव्हते. नातवाने आत्याला फोन लावला. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "त्या जत्रेक मी माझ्या मोठ्या झिलाक घेवन गेललय. म्हयनो-दीड म्हयन्याचो होतो." झिलाचे जन्मवर्ष १९९७. रकान्यात आम्ही तेच लिहिले.